नागपूरच्या बेसा भागातले लेआउट एकमेकांना जोडलेले काहून नाहीत?

बेसावासी: मागच्या लेआउटमधलं (प्लॉट पाडून बसवलेल्या वस्तीतलं) किराणा दुकान आमच्या गच्चीवरून दिसते. पण मधे कंपाउंड वॉल, म्हणून मेन रोडवरून मोठा वळसा घालून जा लागते. आईचे गुडघे दुखतात, तिला पायी जमतच नाही. जुन्या नागपुरात, महाल भागात, लहानपणी कोणत्याही गल्लीतून कुठंही निघायचो. शहर वाढलं की रस्ते असे तुटतातच काय?

इतवारीकर: भाऊ, एकेक शेत विकल्या जाते, तेवढ्यापुरताच लेआउट पडते. शेजारचं शेत नंतर कधीतरी. रस्ता धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, येऊन थांबते.

नकाशावेडी: हे जगभर झालंय. बॅरिंग्टन-ली आणि मिलार्ड-बॉल या संशोधकांनी ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावरून रस्त्यांची जाळी मोजली: चौकात किती रस्ते मिळतात, किती गल्ल्या पुढे बंद होतात, वळसा किती पडतो. १९७५ नंतर जगात बऱ्याच ठिकाणी नवे रस्ते कमी जोडलेले निघाले. अमेरिकेत मात्र १९९०च्या दशकाच्या मध्यापासून नव्या वस्त्या पुन्हा जोडल्या जाऊ लागल्या, म्हणजे हे बदलता येतं! पण घर पाडून नवं बांधता येतं, रस्त्याची आखणी पिढ्यान्‌पिढ्या तशीच राहते. म्हणून लेआउट मंजूर होतानाच जोडरस्ता मागायला हवा.

बेसावासी: आमचं तर बांधून झालं. भिंतीत माणूस जाईल एवढं फाटक तरी?

इतवारीकर: मंजूर नकाशा आणि सातबारा, दोन्ही काढा. नकाशात रस्ता धुऱ्यापर्यंत दाखवला असेल तर तुमची बाजू भक्कम. मग दोन्हीकडच्या लोकांना एकत्र बसवा, आईलाही न्या.