‘उठाव दे’ म्हणजे नेमकं काय करू?

प्रश्न

व्हिडिओच्या ‘कलर ग्रेडिंग’ला, म्हणजे चित्रणानंतर शॉटचे रंग आणि उजेड बसवण्याच्या कामाला, मराठीत काय म्हणावं? एका अनुवादात मी ‘रंगप्रतवारी’ लिहिलं, पण ते माझं मलाच पटेना. ते करणाऱ्या कलरिस्टला ‘रंगकर्मी’ म्हणावं तर तो थेट नाटकात जाऊन उभा राहतो. या कामातलं कुणी असेल तर सांगावं.

उत्तर

मी याच कामातला. सोलापुरात अशोक चौकाजवळ राखाडी भिंतींच्या एका खोलीत बसून लग्नं, जाहिराती, लघुपट यांचे रंग आणि फिनिशिंग करतो.

प्रतवारी आधी काढून टाका. प्रतवारी कांद्याची होते, आमच्या मार्केट यार्डात. ग्रेडिंग हा शब्द फिल्मच्या लॅबमधून आला. प्रत्येक शॉट छापताना लाल, हिरवा, निळा प्रकाश किती सोडायचा हे ठरवणाऱ्या माणसाला ब्रिटनमध्ये ग्रेडर म्हणायचे आणि अमेरिकेत टायमर. लॅबमध्ये त्या प्रकाशाचे 1 ते 50 असे आकडे असत. बरा-वाईट ठरवण्याचा इथे संबंध नाही, जुळवण्याचा आहे.

आणि जुळवण्याला माझ्या घरात शब्द होताच. वडील सूत रंगवण्याच्या कारखान्यात होते. मी नक्की काय करतो हे त्यांना समजावत बसलो होतो, एक कॅमेरा निळसर, दुसरा पिवळट, दोन्ही एकसारखे दिसले पाहिजेत वगैरे. ते म्हणाले, “म्हणजे शेड मिळवतोस की.” एवढंच! चादरीचं सूत दोन लॉटमध्ये रंगवलं आणि दुसऱ्या लॉटचा किरमिजी केसभर जरी हलला, तरी विणल्यावर मधोमध पट्टा दिसतो. सुटं सूत हातात असताना दिसत नाही, शेजारी आलं की दिसतं. शॉटचंही अगदी तसंच. एकेकटे बघा, दोन्ही चांगले. कट मारला की डोळ्याला खडा लागतो.

‘शेड मिळवणे’ मी रोज वापरतो. पुण्या-मुंबईच्या स्टुडिओत हसतात, पण कळतं सगळ्यांना.

(‘रंगाचं काम करतो’ असं मात्र कुणाला सांगू नये. स्क्वेअर फुटाला काय घेता, असं विचारतात.)

आता मला खरं ज्यावर लिहायचंय तो शब्द: उठाव. क्लायंट येतो, खुर्चीत टेकतो आणि म्हणतो, “लई डल दिसालंय, जरा उठाव दे की.” सुरुवातीची दोनेक वर्षं मी याचा अर्थ ‘कॉन्ट्रास्ट वाढव’ असाच धरला आणि मार खाल्ला.

सिद्धेश्वर यात्रेचं एक काम होतं. जानेवारीतलं दुपारचं ऊन, नंदीध्वजाच्या उंच काठ्यांची मिरवणूक, सगळ्यांच्या अंगात पांढरी बाराबंदी. निम्मं चित्रण लॉगमध्ये (कॅमेऱ्याचा तो प्रकार, ज्यात चित्र मुद्दाम फिकं साठवतात आणि रंग नंतर उलगडतात), निम्मं मोबाइलवर. क्लायंट म्हणाला उठाव दे. मी कॉन्ट्रास्ट ताणला. वेव्हफॉर्मवर, म्हणजे उजेड मोजणाऱ्या आलेखावर, पांढरा जाऊन वरच्या रेषेला चिकटला, बाराबंदीच्या चुण्या गेल्या, बंद गेले, माणसांच्या अंगावर कोरा कागद डकवल्यासारखं दिसायला लागलं. क्लायंट म्हणाला, “असं नाही. काठी पेललेला माणूस दिसायला पाहिजे.”

म्हणजे त्याला मागची गर्दी मागे हवी होती! सगळं परत घेतलं. काठी पेलणाऱ्याभोवती मऊ कडांची विंडो काढली, म्हणजे तेवढाच भाग वेगळा निवडला, बाहेरचा भाग अर्धा स्टॉप (स्टॉप हे उजेडाचं माप) खाली ओढला, गर्दीतला भगवा-पिवळा थोडा शांत केला. बाराबंदीला हात लावला नाही. फक्त मोबाइलच्या शॉटमधला पांढरा निळसर होता, तो आलेखातले लाल-हिरवा-निळा तिन्ही पट्टे एका उंचीवर येईपर्यंत सरकवला. क्लायंट बघून म्हणाला, “आत्ता उठाव आला.”

तेव्हापासून ‘उठाव’ ऐकला की मी आधी विचारतो, कशाला? कुणाचा उठाव, कशावरून? चित्रकारांच्या तोंडी हा शब्द आहे तो याच अर्थाने. आकृती पाठीमागच्या भागातून वर येते, तो उठाव. तो कधी उजेडाने मिळतो, कधी रंगाच्या फरकाने, कधी नुसता बाकीचं दाबल्याने. ‘कॉन्ट्रास्ट’ हे त्यातलं एक बटण. माझ्या मते मराठी शब्द इथे इंग्रजीपेक्षा जास्त सांगतो.

आणखी एकांचं उत्तर

चादरीच्या दुकानात उठाव म्हणजे खप. “यंदा मालाला उठाव नाही.” शिवाय 1857 चा उठाव आहेच. तुमच्या अनुवादात ‘गर्दीतून उठाव’ वगैरे लिहू नका म्हणजे झालं.

एक शंका. लॉगचं चित्रण म्हणजे ते राखाडी, धुरकट दिसतं तेच ना? त्याला आमचा भाचा ‘विटका’ म्हणतो. बरोबर आहे का?

उत्तर

नाही हो काका, भाच्याला सांगा. ते फिकं. विटका आणि फिका यांत फरक आहे आणि तुमच्या दुकानात तो रोज पाळला जातो. फिका रंग मुळातच हलका. विटका म्हणजे होता तो गेला. लॉगमध्ये सगळी माहिती असते, नुसती दाबून भरलेली. उलगडली की रंग येतो. उन्हात जळालेला पांढरा हा खरा विटका, तिथे काही उरलेलंच नसतं. कुणी ‘विटकं आलंय’ म्हणालं की मला धडकी भरते, ‘फिकं आलंय’ म्हणालं की चहा घेतो आणि कामाला लागतो.

‘गोरं कर’बद्दलही लिहून टाकतो, कारण लग्नाच्या प्रत्येक फाइलबरोबर ते येतंच. व्हेक्टरस्कोपवर, म्हणजे रंगाची छटा आणि दाटपणा दाखवणाऱ्या गोल आलेखावर, त्वचेची एक रेषा असते. गहुवर्णी, सावळा, गोरा, सगळ्यांची त्वचा तिच्या आसपासच पडते. फरक मुख्यतः उजेडाचा आणि रंग किती दाट याचा. म्हणून मी ‘गोरं’ ऐकलं की ‘उजळ’ करतो, म्हणजे चेहऱ्यावर थोडा उजेड. त्वचेचा रंग काढून घेतला की नवरी आजारी दिसते, आणि हळदीच्या दिवशी तर विचारू नका.

‘ऑनलाइन’चा घोळ वेगळाच. आधी हलक्या फाइलींवर संकलन करायचं ते ऑफलाइन. मग मूळ कॅमेऱ्याच्या फाइली जोडून शेवटचं रूप द्यायचं ते ऑनलाइन. इंटरनेटचा काही संबंध नाही. मी एकाला बिलात ‘ऑनलाइन’ लावलं तर तो म्हणाला, “ऑनलाइन कशाला, पेनड्राइव्हमध्येच दे, पैसे कमी कर.” आता मी कच्चा टाका आणि पक्की शिलाई म्हणतो. युनिफॉर्म शिवणारं गाव आहे, दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. कच्चा टाका उसवता येतो. पक्क्या शिलाईनंतर “तेवढा मामांचा शॉट घाला” म्हणालात तर वेगळे पैसे.

प्रश्न विचारणारे

मग अनुवादात काय लिहू?

उत्तर

नाम म्हणून ‘कलर ग्रेडिंग’ तसंच ठेवा, कलरिस्टही कलरिस्टच. क्रियापद मात्र मराठी घ्या: शॉटचे रंग जुळवले, शेड मिळवली, चेहऱ्याला उठाव दिला. ‘कलर करेक्शन’ आलं तर ‘रंगदुरुस्ती’ चालेल, कारण तिथे खरंच काहीतरी बिघडलेलं असतं. आणि मूळ वाक्यात कॉन्ट्रास्ट हा आकडा म्हणून आला असेल, एक हजारास एक वगैरे, तर तिथे उठाव घालू नका. उठाव मोजता येत नाही. मी शंभर निटच्या (निट हे पडद्याच्या उजेडाचं माप) मॉनिटरवर अंधारात आणलेला उठाव क्लायंट भर दुपारी नव्या पेठेत मोबाइलवर बघतो आणि तिथूनच फोन करतो.