शनिवारचं शिबिर: बल्ब कोणाचा, केक कोणाचा?

सेक्रेटरी: सर्वांना नमस्कार. मुलांचं सुट्टीतलं शिबिर शनिवारी ४ वाजता, खालच्या हॉलमध्ये. मुलगे: बॅटरी-बल्ब, छोटं सर्किट. मुली: केक व रांगोळी. नावं उद्यापर्यंत द्यावीत.

चिऊची आई: काका, चिऊचं नाव बल्बमध्ये लिहा.

सेक्रेटरी: अहो, तिच्या मैत्रिणी सगळ्या केकला आहेत. एकटी पडेल ती.

चिऊची आई: मैत्रिणींना विचारलंय कोणी? तुम्ही पत्रकच तसं काढलंत.

ए-१०४: वहिनी, राग मानू नका, पण मुलींना त्यात रस नसतो हे खरं आहे. आमच्या हिला साधा फ्यूज घालता येत नाही.

चिऊची आई: भावोजी, वाटप वाटताना मिक्सर अडकून बंद पडला की तो उपडा करून खालचं लाल बटण कोण दाबतं? वहिनीच ना? ते ओव्हरलोडचं बटण आहे. मोटरवर ताण आला की करंट वाढतो आणि ते सर्किट तोडतं. बोर्डावरचा एमसीबी, करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, दुसरं काय करतो? पण मिक्सरचं बटण स्वयंपाकात जमा आणि एमसीबी म्हणजे इलेक्ट्रिकचं काम!

ए-१०४ वहिनी: 😂😂 आणि फ्यूज मला येतो हो. ह्यांना पाच वर्षं माहीत नाही इतकंच.

वेदचे बाबा: आमच्या वेदला केकच करायचाय. त्याचं काय?

सेक्रेटरी: 🙏 एकेक करून बोला.

बी-२०२: मस्करी सोडा. पोरीला शॉक बसला तर जबाबदार कोण?

ए-१०१ आजी: करंटाक काय कळता चेडू कोण नि झील कोण ता?

बी-३०१ काकू: आजींना शंभर मार्क. मी वीज बोर्डात नोकरी केली, रिटायर झाले, म्हणून बोलते. मुलाला आपण "जपून कर" म्हणतो आणि मुलीला "हात लावू नको". जपायचं कसं हे त्यामुळे तिला कोणी शिकवतच नाही. आणि ओल्या हातांनी गिझर, मिक्सर, वॉशिंग मशीन दिवसभर तीच वापरते. तौक्ते वादळ आठवतं ना, मे २०२१? मीटरच्या बोर्डावर पाणी गळत होतं, आणि निम्म्या घरांतले पुरुष मुंबईत नाहीतर बोटीवर. जिन्यात उभी राहून मी ओरडत होते, मेन खाली करा, फ्रीजचा प्लग काढा. मेन कुठला, हेच चार घरांत माहीत नव्हतं. 

बी-२०२: ते ठीक. पण इलेक्ट्रिकल ही काही मुलींची लाइन नाही.

चिऊची आई: ए. ललिता १९४३ साली मद्रासच्या गिंडी कॉलेजातून इलेक्ट्रिकल इंजिनीअर झाल्या. भारतातल्या पहिल्या. अठराव्या वर्षी विधवा, पदरात तान्ही मुलगी. पुढे भाक्रा-नांगल धरणाच्या वीजवाहिन्यांच्या डिझाइनवर काम केलं. १९४३, भावोजी.

बी-३०१ काकू: आणि सॉकेटच्या भोकांमागे झडप असते ना, पोरांनी खिळा घालू नये म्हणून? ब्रिटनमध्ये १९४७ चा प्लगचा स्टँडर्ड ज्या कमिटीच्या कामावर उभा राहिला, तिच्यात कॅरोलाइन हॅस्लेट ही एकटी बाई होती. लहान मुलांच्या सुरक्षिततेवर तिचा भर. प्लगची वरची पिन लांब असते, ती आधी आत जाते आणि झडप उघडते. अर्थिंगही आधी जोडलं जातं आणि सुटतं सगळ्यात शेवटी. पोरांना पिना मोजायला लावा, मग लांब का ते विचारा. मजा येते.

वेदचे बाबा: काकू, तुम्हीच घ्या ना शिबिर.

बी-३०१ काकू: घेते. पण सगळी पोरं एकत्र. आणि २३० व्होल्टच्या जवळपास कोणी फिरकायचं नाही, सगळं ९ व्होल्टच्या चौकोनी सेलवर. बटणासारखे छोटे सेल आणू नका, धाकट्यांनी गिळले तर जीवावर बेततं. 

चिऊची आई: करणार काय पण?

बी-३०१ काकू: दोन वाट्या. एकीत इन्व्हर्टरला घालतो ते बिनक्षारांचं डिस्टिल्ड पाणी, दुसरीत चिवला बीचवरचं समुद्राचं पाणी. सेल, लाल एलईडी, ४७० ओहमचा रेझिस्टर (नाहीतर एलईडी उडेल) आणि वायरीची दोन टोकं वाटीत, एकमेकांना न टेकवता. पहिल्या वाटीत अंधार, दुसरीत उजेड. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, करंट वाहून नेतात ते हेच. मग म्हणायचं, घामाच्या हाताला पण मीठ असतं, आता सांगा ओल्या हाताने स्विच का दाबायचा नाही. एलईडी उलटा लावला तर पेटत नाही, हे मात्र आधी सांगू नका. शोधू देत.

वेदचे बाबा: समुद्राचं पाणी मी आणतो. वेदला दोन्हीकडे लिहा.

ए-१०१ आजी: रांगोळी मी शिकवतंय. झिलांनी पण येवचा.

सेक्रेटरी: सुधारित सूचना: बल्ब ४ ते ५, केक व रांगोळी ५ ते ६. सर्व मुलांसाठी.

बी-३०१ काकू: मोठ्यांना गृहपाठ. डीबी, म्हणजे घरातला एमसीबींचा डबा उघडा, त्यात आरसीसीबी शोधा. टी लिहिलेलं बटण असतं. एमसीबी वायर वाचवतो, आरसीसीबी माणसाला वाचवतो: करंट अंगातून जमिनीकडे गळला, तर ३० मिलिअँपिअरलाच तुटतो. ९ वॅटचा बल्बसुद्धा याहून जास्त करंट घेतो. महिन्यातून एकदा टी दाबून बघायचं, पडला पाहिजे.

ए-१०४ वहिनी: आमचा पडला. हे सीरियल बघत होते 😂

बी-२०२: आमचा दाबला. काहीच झालं नाही. म्हणजे चांगलं ना?

बी-३०१ काकू: नाही. उद्या सकाळीच इलेक्ट्रिशियन बोलवा. तोवर गिझर बंद.