हौदाला कुलूप घालणाऱ्या मालकाचं काय करायचं?

विजापूर रोडचा भाडेकरू:
परवा इथं एकानं लिहिलं, "मालकाशी भांडून कुणाचं भलं झालंय? पटत नसेल तर खोली सोडावी." वाचून डोकं तापलं. खोली सोडायची म्हणजे टेम्पो, नवं डिपॉझिट, एजंटाचे पैसे, वर पोरांची शाळा लांब.

सहा वर्षं राहतोय, सगळ्या भाडेपावत्या आहेत. मे महिन्यात सासू-सासरे आठ दिवस आले, तर मालकानं हौदाला कुलूप घातलं. "माणसं वाढली, महिन्याला हजार वाढवा." मी आवाज चढवला नाही. कुलपाचा फोटो काढला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम २९ : पुरेशा कारणाशिवाय मालकाला भाडेकरूचं पाणी, वीज तोडता येत नाही, कोर्टात अर्ज करता येतो. एवढंच पत्रात लिहून रजिस्टर पोस्टानं धाडलं. पाचव्या दिवशी कुलूप निघालं.

मालकीण, जुळे सोलापूर:
मालक म्हणजे राक्षस, असंच ठरवलंय का सगळ्यांनी? यांच्या पीएफमधून वरचा मजला बांधला. पहिलाच भाडेकरू सात महिन्यांचं भाडं आणि लाईटबिल बुडवून रात्रीत गेला. आणि पाणी? चार-पाच दिवसांनी नळ सुटतो, तेवढ्या वेळात हौद भरायचा. वरची बाई त्याच पाण्यानं गाडी धुते. टँकरचे पैसे मी भरते. कुलूप घालू नको तर काय करू?

पूर्वभागवाला:
ताई, गाडी धुणारीला बोला की. त्यासाठी लेकरांना तहानलेलं ठेवायचं? आम्ही साखर पेठेत एका खोलीत सहा जण वाढलो. मालकीणकाकू भांडायची, पण पाणी कधी अडवलं नाही.

उजनीग्रस्त:
सगळ्या भांडणाचं मूळ पाणी आहे. धरण उशाला, कोरड घशाला. उजनी आपल्याच जिल्ह्यात आणि शहर नळाची वाट बघत बसतं. रोज पाणी आलं तर कुलपं आपोआप निघतील.

विजापूर रोडचा भाडेकरू:
उजनीचं वेगळं लिहा. इथं विषय मालकाचा आहे.

उजनीग्रस्त:
वेगळा कसा? रोज पाणी असतं तर तुमच्या मालकाच्या हातात काय उरलं असतं? माझी आई साठीला आली, अजून रात्री दोनला मोटर लावायला उठते. स्वतःच्या घरात! गुडघे गेले तिचे. तुम्हाला निदान पत्र लिहायला मालक तरी आहे, आम्ही कुणाला लिहायचं?

पूर्वभागवाला:
आईचं वाईट वाटलं ओ. पण पाणी कमी म्हणून जो दुबळा त्याचंच तोडायचं, हे कसं चालेल?

मालकीण, जुळे सोलापूर:
कायदा भाडेकरूचाच. माझे बुडालेले पैसे कोण देणार?

कोर्टात कारकुनी केलेला:
ताई, करार नोंदवला होता का?

मालकीण, जुळे सोलापूर:
अकरा महिन्यांचा होता, नोटरी केलेला. त्याला नोंदणी लागत नाही.

कोर्टात कारकुनी केलेला:
लागते. त्याच भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५. अकरा महिन्यांचा असला तरी नोंदवायचा, आणि ती जबाबदारी मालकाची. नाही नोंदवला तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. वर मालकाला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड. नोंदवलेला लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणारा करार) असेल तर मात्र मुदत संपून न निघणाऱ्याकडून ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट रक्कम मागता येते, कलम २४. म्हणजे तुमच्याही कामाचा कागद आहे.

मालकीण, जुळे सोलापूर:
एजंटानं हे कधीच सांगितलं नाही. बरं, नोंदणीचं मान्य. पण गाडी हौदाच्या पाण्यानं धुवायची नाही, हे मी करारात लिहिणार.

विजापूर रोडचा भाडेकरू:
लिहा. तेवढं तुमचं बरोबर आहे. टँकरचा खर्च कुणी किती द्यायचा तेही लिहा, म्हणजे मे महिन्यात कुलूप लागणार नाही.

मालकीण, जुळे सोलापूर:
नोंदणीला साक्षीदार किती लागतात? नवे भाडेकरू रविवारी येतायत.