पेरूला अळी लागलीये, लवकर उपाय सांगा

वाटसरू_७७
पेरूला अळी लागलीये. फवारणी करून झाली, फरक शून्य. शनिवारी गावी जातोय, त्याआधी औषधाचं नाव हवंय. ‘निंबोळी अर्क मारा’ सोडून काहीही चालेल.

अंगणवेल
अळी कुठे आहे? पानावर, फळात की खोडात? काय फवारलंत? फोटो असेल तर टाका.

कोकणचा_बाबा
फळात अळी म्हणजे बहुतेक वेळा फळमाशीच. दापोली विद्यापीठाचा रक्षक सापळा टांगा, आत मिथाइल युजेनॉल या आमिषाचा बोळा. नर माश्या त्यात अडकतात. गळलेली फळं झाडाखाली ठेवू नका, खोल पुरा. आमच्या हापूसला दरवर्षी सापळे असतात.

वाटसरू_७७
बाबा, फळात नाही हो! खोडावर आहे. फोटो नाही, झाड गावी आहे आणि मी ठाण्यात.

मातीशी_नातं
दशपर्णी अर्क. कडुनिंब, करंज, सीताफळ, रुई वगैरे पाला, देशी गाईचं शेण, गोमूत्र. महिनाभर आंबवा, रोज ढवळा. बऱ्याच अळ्यांवर चालतो.

अंगणवेल
त्यांना शनिवारी जायचंय आणि तुमचा अर्क महिन्याने तयार होणार.

मातीशी_नातं
घाई करणाऱ्यांनी शेती करू नये.

गावठी_डॉक्टर
खोडावर, फांद्यांच्या बेचक्यात, भुश्शाची आणि विष्ठेची तपकिरी जाळी दिसते का? पट्ट्यासारखी, साल धरून?

वाटसरू_७७
हो हो, तेच! वाळवीच्या मातीसारखं दिसतं. सांगायचं राहिलं, वाळवी समजून वाळवीचंच औषध फवारलं होतं.

गावठी_डॉक्टर
मग ही साल खाणारी अळी. दिवसा भोकात बसते, रात्री जाळीच्या आडोशाने बाहेर येऊन साल खाते. वरून फवारलेलं जाळीवरच राहतं, आत पोचत नाही. जाळी ब्रशने खरडून काढा, भोक सापडेल. त्यात सायकलच्या स्पोकसारखी तार घालून अळी मारा, मग पेट्रोलमध्ये भिजवलेला कापूस कोंबून वरून चिखल लिंपा. बिडी-सिगारेट लांब ठेवा. सहसा एका भोकात एकच अळी असते, त्यामुळे भोकं शोधणं हेच खरं काम.

भाऊसाहेब_नगर
पेट्रोल कशाला, नुवान सोडा पिचकारीने. आम्ही वर्षानुवर्षं तेच केलं.

अंगणवेल
भाऊसाहेब, नुवान म्हणजे डायक्लोरव्हॉस, त्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे.

भाऊसाहेब_नगर
बंदी कागदावर. ज्याला हवं त्याला मिळतं.

गावठी_डॉक्टर
मिळतं म्हणून घरच्या पेरूवर मारायचं? पोरंसोरं तोडून न धुता खातात. आणि तार नीट घातली तर विषाची गरजही पडत नाही.

कोकणचा_बाबा
हे तर भिरूड! आमच्या आंब्यात असतं, झाड उभंच्या उभं वाळतं.

गावठी_डॉक्टर
भिरूड वेगळं, बाबा. ती भुंग्याची अळी, पाय नसलेली, लाकूड आतून पोखरते. भोकातून भुस्सा पडतो, पण सालीवर जाळी नसते. ही पतंगाची अळी. पतंग पावसाळ्याच्या तोंडाला सालीच्या फटीत अंडी घालतात. म्हणून वाळक्या फांद्या छाटा, झाडात ऊन-वारा खेळू द्या. दुर्लक्षित, दाटलेल्या झाडांवर ही जास्त.

सुगरण_मावशी
पेरू कुठला, सरदार का? पिकला की जेली छान होते. थोडे कच्चेही घ्यावेत, त्याशिवाय जमत नाही.

वाटसरू_७७
मावशी, आधी झाड वाचू दे. डॉक्टर, धन्यवाद. तार आणि पेट्रोल घेऊन जातो. बाजूच्या आंब्यालाही तेच करतो मग.

गावठी_डॉक्टर
कुठला आंबा? त्याला जाळी आहे का?

वाटसरू_७७
जाळी नाही. बुंध्याशी नुसता भुस्सा पडतो, पावडरसारखा. एक फांदी वाळलीये.

कोकणचा_बाबा
भिरूड!!! मी काय म्हणत होतो?

गावठी_डॉक्टर
आंब्याचं आत्ता सांगताय? बुंधा केवढा आहे आणि भोक जमिनीपासून किती उंचीवर, ते लिहा.