कमी बजेटमध्ये होम थिएटर: वेगळा व्हिडिओ प्रोसेसर घ्यावा का?

विजापूर_रोड

नमस्कार. खोली ११ बाय १५ फूट, वरचा मजला, भिंती पांढऱ्या. १०८०पीचा डीएलपी प्रोजेक्टर छताला टांगलेला, पडदा १०० इंची. सिग्नल तीन ठिकाणांहून येतो: डीटीएचचा सेट-टॉप बॉक्स, डीव्हीडींसाठी ब्ल्यू-रे प्लेयर, आणि हार्ड डिस्कवरच्या फाइली (काही फोरके एचडीआर, म्हणजे १०८०पीच्या चौपट पिक्सेल आणि उजेड-अंधाराचा मोठा पल्ला असलेल्या).

तक्रारी चार आहेत. बातम्यांची खालची पट्टी सरकताना अक्षरांना दाते येतात. कॅमेरा आडवा फिरला की चित्र अडखळतं. डीव्हीडी मऊ दिसतात. एचडीआर फाइली अंधाऱ्या दिसतात. सोलापुरात नव्या पेठेत ‘व्हिडिओ प्रोसेसर’ (प्रोजेक्टरला जाण्याआधी सिग्नल सुधारणारं यंत्र) विचारला तर एलईडी वॉलचा दाखवला. केबल धरून बजेट २५ हजार. तोच घ्यावा का?

रास्टर

तो अजिबात घेऊ नका. लग्नाच्या स्टेजवर किंवा गड्डा यात्रेत जी एलईडी वॉल उभी करतात, तिच्यासाठीचं ते यंत्र. पॅनेलच्या पिक्सेलसंख्येप्रमाणे चित्र कापायचं आणि नेटवर्कच्या वायरीने पॅनेलमागच्या कार्डांकडे पाठवायचं, एवढंच त्याचं काम. अनेकांना प्रोजेक्टरला जोडता येईल असं आउटपुटच नसतं. होम थिएटरचे खरे प्रोसेसर म्हणजे लुमाजेन रेडियन्स प्रो किंवा मॅडव्हीआर एन्व्ही, आणि त्यांचा हिशेब लाखांत. सेकंडहँडमध्ये जुना डीव्हीडीओ एज हा प्रोसेसर दिसला तर मोह होईल. १०८०पीपर्यंत तो आजही चांगला आहे, पण फोरके आणि एचडीसीपी २.२ (कॉपी रोखणारं कुलूप) त्याला ठाऊक नाहीत.

आता तक्रारी. चारांची कारणं वेगवेगळी आहेत, आणि दोन तर फुकटात सुटतात.

दाते: एचडी चॅनेल बहुधा १०८०आय ५० मध्ये येतात. सेकंदाला ५० फील्ड (एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं), प्रत्येकात ५४० ओळी. स्टुडिओतल्या चित्रात शेजारच्या दोन फील्डमध्ये १/५० सेकंदाचं अंतर असतं. ते नुसते एकमेकांत गुंफले की सरकत्या अक्षरांना कंगवा फुटतो. हे जोडकाम (डीइंटरलेसिंग) साखळीत कोण करतंय ते आधी शोधा. बॉक्सच्या मेनूत आउटपुट आळीपाळीने ७२०पी, १०८०आय, १०८०पी (‘पी’ म्हणजे ओळी आधीच जोडलेलं पूर्ण चित्र) ठेवा आणि तीच पट्टी बघा. १०८०आयला दाते कमी झाले तर बॉक्सचं डीइंटरलेसिंग कच्चं, ते काम प्रोजेक्टरवर सोपवा. १०८०पीला कमी झाले तर उलट. काम एकदाच व्हावं आणि त्यातल्या त्यात हुशार यंत्राने करावं. दोघांनी केलं की बिघडतंच.

अडखळणं: बॉक्स ६० हर्ट्झवर असेल तर ५० वर आणा. २४ फ्रेमचा सिनेमा ६० हर्ट्झवर गेला की एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा दिसते, तोच हा झटका. ब्ल्यू-रे प्लेयरमध्ये ‘१०८०पी २४’ चालू करा. स्ट्रीमिंग स्टिक असेल तर तिच्यात मूळ फ्रेमरेट जुळवण्याची सोय बघा.

डीव्हीडी: पाल (भारतातली ५० हर्ट्झची जुनी टीव्ही पद्धत) डिस्क ७२० बाय ५७६, म्हणजे सव्वाचार लाखांहून थोडे कमी पिक्सेल, आणि पडद्यावर जवळपास २१ लाख. पाचातले चार कुठून तरी बनवावेच लागतात. कुठलाही प्रोसेसर नसलेला तपशील आणत नाही. प्रोजेक्टरचा शार्पनेस खाली आणा, कडांभोवतीची पांढरी रेघ जाईल. ‘मऊ’ वाटण्यात तिचाही वाटा असतो. भारतातल्या बऱ्याच डीव्हीडी एनटीएससी (अमेरिकेची ६० हर्ट्झची पद्धत) आहेत, आणि काहींत पालवरून रूपांतर करतानाच फील्ड एकमेकांत मिसळून गेलेत. फ्रेम थांबवल्यावर दुहेरी सावली दिसली तर ती डिस्क तशीच राहणार.

काळी_पातळी

एचडीआरबद्दल मी लिहितो, कारण प्रोसेसिंगवर पैसे टाकण्यासारखी जागा तेवढीच आहे.

१०० इंची पडद्याचं क्षेत्रफळ साधारण २.७६ चौरस मीटर. प्रोजेक्टरचे खरे (खोक्यावरचे नव्हे) १००० ल्युमेन धरले आणि पडद्याचा गेन (उजेड परतवण्याचं प्रमाण) १ असेल, तर १००० भागिले २.७६ भागिले ३.१४, म्हणजे ११५ निट्स (पडद्याच्या उजळपणाचं माप). एचडीआर फाइल १००० किंवा ४००० निट्ससाठी तयार केलेली असते. तो पल्ला ११५ मध्ये कसा बसवायचा हे कोणाला तरी ठरवावं लागतं, आणि स्वस्त प्रोजेक्टर ते वाईट ठरवतो.

यावर उपाय कॉम्प्युटर. सेकंडहँड टॉवर घ्या, त्यात ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १०५० टीआय किंवा १०६० (६ जीबी). एक मेख लक्षात ठेवा: ऑफिसातून निघालेल्या ब्रँडेड टॉवरचा पॉवर सप्लाय अनेकदा ३०० वॉटच्या आत असतो आणि त्याला ६ पिनची वायर नसते. १०६० ला ती लागते आणि सप्लाय ४०० वॉटचा हवा. १०५० टीआय ७५ वॉटचं कार्ड, बहुतेक मॉडेल स्लॉटवरच चालतात. तुमचा पडदा १०८०पी आहे, ते पुरेल.

सॉफ्टवेअर फुकट: एमपीसी-एचसी हा प्लेयर आणि त्यात मॅडव्हीआर हे चित्र तयार करणारं सॉफ्टवेअर (वरचं एन्व्ही यंत्र नव्हे). एचडीआरमध्ये ‘पिक्सेल शेडरने टोन मॅप’ (उजेडाचा पल्ला पडद्याला झेपेल इतका आकसणं) निवडा, टार्गेट निट्स १२० पासून सुरू करा. आकडा कमी केला की चित्र उजळतं पण ढग-दिवे सपाट होतात. वाढवला की उलट. विंडोजचं एचडीआर बंदच ठेवा, प्रोजेक्टरला साधा एसडीआर (एचडीआर नसलेला) सिग्नल जाऊ द्या.

सगळ्यात जास्त गोंधळ लेव्हलचा होतो. व्हिडिओत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर असतो, कॉम्प्युटरात ० आणि २५५. मॅडव्हीआर, ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर आणि प्रोजेक्टर या तिघांचा मेळ नसला की काळा राखाडी तरी होतो, नाहीतर केस-सावल्या गिळल्या जातात. ‘एव्हीएस एचडी ७०९’ ही फुकट चाचणी-डिस्क लावा. काळ्याच्या पॅटर्नमध्ये १७ पासून पुढच्या पट्ट्या लुकलुकायला हव्यात, १६ आणि त्याखालच्या नाही.

मर्यादाही सांगतो: सेट-टॉप बॉक्सचा सिग्नल या कॉम्प्युटरमधून नेता येणार नाही, एचडीसीपी आडवं येतं. बॉक्स थेट प्रोजेक्टरला.

विजापूर_रोड

धन्यवाद दोघांनाही. कॉम्प्युटर ते प्रोजेक्टर १० मीटर आहे. फायबरची एचडीएमआय केबल घ्यावी का?

काळी_पातळी

घ्या. फक्त तिला दिशा असते. ‘सोर्स’ लिहिलेलं टोक कॉम्प्युटरकडे. उलटी ओढली तर पडदा काळाच, आणि हे पाइपातून ओढून झाल्यावर कळतं.

रास्टर

मला पटत नाही ओ. १०८०पी ६० ला साडेचार गिगाबिटच्या आसपास लागतात. फोरकेचे १८ गिगाबिट इथे जातच नाहीत, कारण आकार कमी करण्याचं काम कॉम्प्युटरमध्येच होतंय. जाड तांब्याची १० मीटर चालेल. भिंतीत गाडायच्या आधी जमिनीवर पसरून दोन तास चालवून बघा. चित्रात ठिणग्या चमकल्या किंवा पडदा मध्येच दोन सेकंद काळा झाला तर परत करा. पाइप मात्र ३२ मिमीचा टाका, पुढे फायबर ओढता येईल. बारक्या पाइपाच्या वळणावर एचडीएमआयचं डोकं अडकतं.

वाचलेल्या पैशात पडद्यालगतच्या दोन्ही भिंती आणि वरचं छत चार-पाच फुटांपर्यंत गडद करा. पांढऱ्या भिंतीवरून परतणारा उजेड काळ्यावर पडतो आणि टोन मॅपिंगची मेहनत धुऊन काढतो. रंग नको असेल तर गडद सोलापुरी चादर दांडीवर सोडा, आवाजाचा घुमाही थोडा मरतो. आणि एप्रिल-मेमध्ये स्लॅबखाली हवा ४० अंशांच्या वर जाते, तीच बऱ्याच प्रोजेक्टरांची कमाल मर्यादा. तेव्हा इको मोडवर जावं लागेल, उजेड पाव-एक हिश्शाने कमी होईल. टार्गेट निट्स त्या हिशेबाने ९० च्या आसपास करा.

विजापूर_रोड

बॉक्स १०८०आय ५० केला. पट्टीचे दाते जवळपास गेले, क्रिकेटही सरळ चालतंय. पण चॅनेलच्या लोगोची कड कापली जाते. प्रोजेक्टरमधलं ओव्हरस्कॅन (चित्र ताणून कडा कापणं) शून्य केलं तर लोगो पूर्ण दिसतो, मात्र काही एसडी चॅनेलवर अगदी वरच्या कडेला पांढरे ठिपके-रेघा नाचतात. प्रोजेक्टर बिघडला का?

रास्टर

नाही. पालच्या २३व्या ओळीत चित्राच्या आकाराची खूण पाठवायची पद्धत होती, तीच तुम्हाला दिसतेय. जुन्या टीव्हीत ती चौकटीआड जायची. ओव्हरस्कॅन शून्यच ठेवा, नाहीतर १:१ पिक्सेल (सिग्नलचा एक पिक्सेल, पडद्यावर एक) मिळणार नाहीत आणि सगळंच मऊ होईल. प्रोजेक्टरमध्ये ‘एज मास्क’ असेल तर तो एका पायरीने वाढवा. तो चित्र ताणत नाही, फक्त कड झाकतो.