झेक टेनिस कुणी घडवलं: सरकारनं की क्लबांनी?

बेसलाईनवाला:
2023 ला मार्केटा व्होंद्रुसोव्हा, 2024 ला बार्बोरा क्रेजिकोव्हा. विम्बल्डनची महिला विजेती लागोपाठ दोन वर्षं झेक. देशाची लोकसंख्या आपल्या एकट्या पुणे जिल्ह्याच्या आसपासची. यावरून काल घरी जेवणाच्या ताटावर वाद पेटला, तो इथे आणून टाकतोय.
माझं मत: ही पेरणी कम्युनिस्ट राजवटीतली. सरकारी पैसा, पगारी प्रशिक्षक, शाळेतूनच पोरं हेरायची पद्धत. कोडेश (विम्बल्डन 1973), नवरातिलोव्हा, लेंडल, मांडलिकोव्हा, सगळे त्याच मुशीतले. 1980 चा डेव्हिस कप (पुरुषांची सांघिक स्पर्धा), 1983 ते 85 सलग तीन फेड कप (तशीच महिलांची). राजवट वाईट होती, मान्य. पण पीक तिचंच.

तिसरासेट:
अहो, श्रेय वाटताय तर पळालेल्यांची यादीही वाचा की. ड्रोब्नी 1949 ला गेला आणि 1954 चं विम्बल्डन इजिप्तकडून जिंकला. नवरातिलोव्हा 1975 ला न्यूयॉर्कमध्येच राहिली, वय वर्षं 18. लेंडल पुढे अमेरिकन झाला, मांडलिकोव्हा ऑस्ट्रेलियन. ज्या शाळेतली हुशार पोरं कुंपणावरून उड्या टाकतात, तिच्या हेडमास्तरांना शाल-श्रीफळ द्यायचं?
आणि पेरणीचं म्हणाल तर प्रागमधला पहिला लॉन टेनिस क्लब 1893 चा. 1900 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये प्रागच्या हेदविगा रोझेनबाउमोव्हानं एकेरीत कांस्य घेतलं. तेव्हा तिथे ऑस्ट्रियाचा सम्राट राज्य करत होता. कम्युनिस्ट आले 1948 ला.

बेसलाईनवाला:
एक कांस्य म्हणजे परंपरा नव्हे हो. आपल्याकडेही जिमखाने होतेच की साहेबांच्या काळात. सामान्य घरातल्या पोरीच्या हातात रॅकेट कधी आली ते सांगा.

म्हापसेकर:
राजकारणातलं मला काही कळत नाही. पण आमच्या लिअँडर पेसचं बघा (वडील गोव्याचे, म्हणून आमचाच). 2006 ची यूएस ओपन मार्टिन डॅमबरोबर, 2009 ची फ्रेंच आणि यूएस लुकास ड्लोहीबरोबर, 2012 ची ऑस्ट्रेलियन आणि 2013 ची यूएस राडेक स्टेपानेकबरोबर. 2003 ला मिश्र दुहेरीत ऑस्ट्रेलियन आणि विम्बल्डन, जोडीला नवरातिलोव्हा. ती तेव्हा अमेरिकेची, पण मूळ प्रागचंच ना? झेक जोडीदार मिळाला की बाबाला चषक मिळालाच म्हणून समजा.

तिसरासेट:
म्हापसेकर, यादी झकास, पण धागा कुठे आणि तुम्ही कुठे! तसं तर 2020 ला बालेवाडीची स्पर्धाही झेक येर्झी वेसेलीनंच मारली होती. असो.

ब्रनोकर:
सात वर्षं ब्रनोत नोकरी करतोय. झेक देशाच्या पूर्वेकडचा भाग म्हणजे मोराव्हिया, त्याचं हे मुख्य शहर. घराजवळ एक छोटा क्लब आहे: चार कोर्ट, एक लाकडी खोपटं, आत बिअरचा नळ. कोर्ट लाल, विटांच्या चुऱ्याचं. याला इथे ‘अंतुका’ म्हणतात. शब्द मूळचा फ्रेंच, पण इथल्या आज्यांच्या तोंडी अगदी घरचा झालाय. खेळ संपला की जाळी ओढून कोर्ट सारखं करायचं, केरसुणीनं रेघा झाडायच्या, मग पाणी. हे न करता निघालात तर सत्तरीतले काका भर कोर्टात झापतात. मीही बोलणी खाल्लीत. एप्रिलच्या सुमाराला सगळे सभासद फावडी घेऊन येतात, हिवाळ्यानं मारलेला थर खरवडून काढतात, नवा चुरा पसरून रोलर फिरवतात. त्याला ‘ब्रिगाडा’ म्हणतात. त्या वेळी डॉक्टरही घमेलं उचलतो. माझं मत क्लबांना.
मोठा पैसा वेगळा, तो प्रोस्त्येयोव शहरातल्या टेनिस क्लबात दिसतो. तेही मोराव्हियातलंच, 1989 नंतर उद्योगांच्या पैशावर वाढलेलं. फुलनेकसारख्या छोट्या गावातली, दोनदा विम्बल्डन जिंकलेली पेट्रा क्विटोव्हा तिथेच तयार झाली.

तिसरासेट:
+१. आणि क्विटोव्हा जन्मली 1990 ला, क्रेजिकोव्हा 1995, व्होंद्रुसोव्हा 1999. राजवट पडली नोव्हेंबर 1989 ला. हिशोब करा.

बेसलाईनवाला:
केला. क्रेजिकोव्हाला घडवलं कुणी? 2014 ला ती आईबरोबर ब्रनोत याना नोव्होत्नाच्या दारात जाऊन उभी राहिली, पुढे काय करू म्हणून विचारायला. नोव्होत्ना 1968 ची, म्हणजे जुन्याच व्यवस्थेत शिकलेली. 1998 ला विम्बल्डन जिंकली, 2017 ला कॅन्सरनं गेली. 2024 ला विजेत्यांच्या फलकावर तिच्याच यादीत आपलं नाव बघून क्रेजिकोव्हाला रडू आवरेना. विद्या हातातून हातात जाते हो, ती 1989 ला थांबून पासपोर्ट तपासत नाही.

तिसरासेट:
हा मुद्दा चांगलाय, नाकारत नाही. पण तो नोव्होत्नाचा मोठेपणा. दार तिनं उघडलं, कुठल्या खात्यानं नव्हे.

बेसलाईनवाला:
ठीक. ब्रनोकर, एक विचारतो. फुकट श्रमदानाची ही ‘ब्रिगाडा’ कुणाच्या काळातली?

ब्रनोकर:
पकडलंत. कम्युनिस्टांच्याच काळात रुजली म्हणतात. त्या झापणाऱ्या काकांना आत्ताच विचारून आलो. म्हणाले, तेव्हा नाही गेलं तर नावाची नोंद व्हायची, आता दंड होतो. माझे अजून चार तास भरायचेत, शनिवारी जातोय.