अमेरिकेच्या संस्थापकांपैकी सर्वाधिक आदर कोणाला? सैनिकांच्या थकलेल्या पगाराची कसोटी

गडवाट (धागाकर्ता)

हा वाद नेहमी भाषणांवर आणि वचनांवर लढवला जातो. मी तो एका देण्यावर तोलतो: स्वातंत्र्ययुद्ध लढलेल्या सैन्याचा थकलेला पगार. त्या देण्याशी कोण कसा वागला, ते पाहिलं तर माझं मत जॉर्ज वॉशिंग्टनला.

मार्च १७८३. सैन्याचा तळ हडसन नदीकाठी न्यूबर्गला. लढाई थांबल्यात जमा, पगार महिनोन्‌महिने तुंबलेला. काँग्रेसने १७८० साली अधिकाऱ्यांना हयातभर अर्धा पगार देऊ म्हणून शब्द दिला होता, पण त्या काँग्रेसला कर बसवण्याचा अधिकारच नव्हता. आयात मालावर ५ टक्के जकात लावायची तरी तेराही राज्यांची संमती हवी, आणि नोव्हेंबर १७८२ मध्ये एकट्या ऱ्होड आयलंडने नकार दिल्यावर सगळं अडलं. १० मार्चला छावणीत निनावी पत्र फिरलं. मतलब सरळ होता: न्याय मिळेपर्यंत शस्त्रं खाली ठेवू नका.

१५ तारखेला अधिकाऱ्यांची सभा भरली. वॉशिंग्टन येईल अशी कोणाची अपेक्षा नव्हती, तो आला. लिहून आणलेलं भाषण वाचलं, तरी चेहरे निवळले नाहीत. मग काँग्रेसच्या एका सदस्याचं पत्र वाचायला घेतलं आणि अक्षर लागेना. त्याने खिशातून चष्मा काढला. तो चष्मा वापरतो हे फार थोड्यांना ठाऊक होतं. तुमच्या सेवेत केस पिकले, आता नजरही जायला लागली, अशा अर्थाचं तो बोलला आणि लढाया पाहिलेल्या माणसांच्या डोळ्यांत पाणी आलं. बंड तिथेच विझलं.

त्यानंतर त्याने काँग्रेसच्या मागे लागून अधिकाऱ्यांचं देणं मंजूर करून घेतलं: हयातभराच्या अर्ध्या पगाराऐवजी पाच वर्षांचा पूर्ण पगार. आणि २३ डिसेंबर १७८३ रोजी ॲनापोलिसला काँग्रेससमोर उभं राहून सेनापतिपद परत केलं. हाती सैन्य असताना घरी गेलेली माणसं इतिहासात किती सापडतात?

जमाखर्च

मंजूर झालं, मिळालं नाही. हा फरक तुमच्या कसोटीत सगळ्यात महत्त्वाचा आहे. हातात पडला तो कागद: ६ टक्के व्याज लिहिलेलं प्रमाणपत्र. व्याज द्यायला तिजोरीत काही नाही, म्हणून बाजारात त्या कागदाला डॉलरमागे पंधरा-वीस सेंट मिळायचे. घरी परतलेल्या सैनिकाला बी-बियाणं हवं, कर भरायचा. त्याने तो विकला.

त्या कागदात जीव घातला पहिला अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टनने. १४ जानेवारी १७९० ला त्याने अहवाल मांडला तेव्हा केंद्राचं कर्ज सुमारे ५.४ कोटी डॉलर होतं, त्यातलं सुमारे १.१७ कोटी परदेशी. राज्यांची कर्जं त्याने अंदाजे अडीच कोटी धरली. त्याची रीत बघा. जुना कागद आणा, नवा रोखा न्या. १०० डॉलर मुद्दल असेल तर दोन तृतीयांशावर लगेच ६ टक्के व्याज सुरू, उरलेल्या एक तृतीयांशावर तेच ६ टक्के, पण १८०१ पासून. आधी थकलेल्या व्याजाचे वेगळे रोखे, ३ टक्क्यांचे. म्हणजे कर्ज बुडवलं नाही, पण सुरुवातीच्या वर्षांतला व्याजाचा बोजा जकातीच्या उत्पन्नाला झेपेल इतका हलका केला. सगळी मेख या पुढे ढकललेल्या तिसऱ्या हिश्शात होती.

१७९२ च्या मार्चमध्ये विल्यम ड्युअर हा सट्टेबाज बुडाला आणि रोख्यांचे भाव कोसळले, तेव्हा हॅमिल्टनने कर्जफेडीच्या निधीतून बाजारात रोखे विकत घेऊन पडझड थांबवली. ड्युअर त्याचाच पूर्वीचा दुय्यम अधिकारी, तरी त्याला वाचवलं नाही. वाचवला तो बाजार. वॉशिंग्टनने सैन्याला शब्द दिला, तो कागदावरून रोखीत आणला हॅमिल्टनने.

चौथी ओळ

रोख कोणाच्या हातात गेली, ते का लिहिलं नाहीत? ज्याने वीस सेंटला विकलं त्याला शून्य, ज्याने वीस सेंटला घेतलं त्याला पूर्ण दर्शनी किमतीचे रोखे. अहवालाची कुणकुण लागताच न्यूयॉर्कमधून दलाल वेगवान जहाजांनी दक्षिणेकडे गेले, कारण तिकडच्या खेड्यांत बातमी पोचली नव्हती.

व्हर्जिनियाचा प्रतिनिधी जेम्स मॅडिसनने ११ फेब्रुवारी १७९० ला प्रतिनिधिगृहात पर्याय ठेवला: आजच्या धारकाला बाजारातला सर्वांत चढा भाव द्या आणि दर्शनी किमतीतला उरलेला फरक मूळ सैनिकाला द्या. सरकारचा खर्च तेवढाच. ३६ विरुद्ध १३ मतांनी ठराव पडला. पण त्या सभागृहात सैनिकाची आठवण ठेवून हिशेब मांडणारा तो होता. त्याच मॅडिसनने आदल्या वर्षी, ८ जून १७८९ ला, नागरिकांच्या हक्कांच्या दुरुस्त्या मांडल्या. काँग्रेसने त्यातून बारा दुरुस्त्या राज्यांकडे पाठवल्या, त्यांतल्या दहा दुरुस्त्या डिसेंबर १७९१ मध्ये मंजूर झाल्या. राहिलेल्या दोनपैकी खासदारांच्या वेतनाची दुरुस्ती थेट १९९२ साली मंजूर झाली. माझं मत मॅडिसनला.

जमाखर्च

मॅडिसनचा हेतू स्वच्छ होता, योजना चालणारी नव्हती. पुष्कळ प्रमाणपत्रं कचेरीतल्या कारकुनांच्या नावाने निघालेली, नंतर चार-चार हातांतून फिरलेली. मूळ धारक शोधायचा कसा? आणि कागद घेणाऱ्याला तो पुरा वटेल हा भरवसा सरकारने स्वतः मोडला, तर पुढच्या वेळी सरकारचा कागद घेणार कोण?

पानगळ

हॅमिल्टनच्या योजनेप्रमाणे राज्यांचं कर्ज केंद्राने उचललं, त्याचे पैसे कुठून आले तेही लिहायला हवं. एप्रिल १७९० मध्ये ही योजना ३१ विरुद्ध २९ अशी पडली होती. जूनमध्ये परराष्ट्रमंत्री थॉमस जेफरसनच्या घरी जेवणावर सौदा झाला: राजधानी पोटोमॅक नदीकाठी जाणार, बदल्यात मॅडिसन विरोध सैल करणार. जुलैत ती मंजूर झाली. (मॅडिसनसमर्थकांनीही हे लक्षात घ्यावं.)

त्या कर्जाच्या व्याजासाठी १७९१ ला दारूवर अबकारी आली. पश्चिम पेनसिल्व्हेनियातला शेतकरी राय पिकवायचा, पण डोंगर ओलांडून धान्य नेणं परवडत नसे, म्हणून त्याची व्हिस्की करायचा. लहान भट्टीवाल्यावर कर भट्टीच्या मापावर, म्हणजे गाळो न गाळो, भरावा लागे. तोही रोखीत, आणि त्या भागात रोख दिसायची नाही. खटला झाला तर पार फिलाडेल्फियाला चालत जा. १७९४ मध्ये लोक उठले आणि त्यांच्यावर सुमारे तेरा हजारांची फौज गेली, हॅमिल्टन सोबत. यातले कितीतरी जण जुने सैनिक. आधी कागद वीस सेंटला गेला, मग तोच कागद पूर्ण किमतीत फेडायला त्यांच्याच भट्टीवर कर. देशद्रोहाखाली दोषी ठरलेल्या दोघांना वॉशिंग्टनने माफी दिली, हे त्याच्या बाजूने नोंदवते.

गडवाट

जमाखर्च, रोख्यांची मांडणी उत्तम होती, यात वाद नाही. पण न्यूबर्गच्या महिनाभर आधी हॅमिल्टन काय करत होता? काँग्रेसमध्ये बसून वॉशिंग्टनला पत्र लिहीत होता, की सैन्याच्या असंतोषाची दिशा तुम्ही हाती घ्या, म्हणजे राज्यांवर दबाव येईल. एप्रिलमध्ये वॉशिंग्टनने त्याला बजावलं, सैन्य हे खेळायला धोकादायक हत्यार आहे. हिशेब अचूक असणारा माणूस कुठे चुकू शकतो आणि त्याला कोण आवरतं, ते इथे दिसतं.

ओसरी

धाग्यात पगार थकलेल्यांची चर्चा आहे. ज्यांना पगार कधी मिळालाच नाही, त्यांचं काय?

पेनसिल्व्हेनियाच्या १७८० च्या कायद्याने बाहेरून आलेल्या मालकाचा गुलाम तिथे सहा महिने राहिला तर तो स्वातंत्र्य मागू शकत असे. राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन फिलाडेल्फियात राहायचा. त्याने काय करावं? सहा महिने भरायच्या आत गुलामांना राज्याबाहेर पाठवायचं, परत आणायचं आणि कारण कोणाला कळू द्यायचं नाही, असं सचिवाला १७९१ मध्ये लिहून कळवलं. १७९३ चा पळून गेलेल्या गुलामांना पकडण्याचा कायदा त्याच्याच सहीचा. २१ मे १७९६ ला ओना जज ही त्याच्या घरातली तरुण मुलगी घरची मंडळी जेवत असताना निघून गेली आणि जहाजाने न्यू हॅम्पशायरला पोचली. तिला परत आणायला त्याने जकात अधिकाऱ्याला कामाला लावलं. ती गेली नाही. १८४८ ला वारली, तोवर कायद्याने फरारीच.

हे वाचून मला त्याच्याविषयी सर्वोच्च आदर वाटूच शकत नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या संस्थापकांना नव्हे, गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. ती निवड विचारपूर्वक होती.

गडवाट

हे खरं आहे आणि त्याचं समर्थन मी करणार नाही. मृत्युपत्र मात्र पूर्ण वाचा. १७९९ च्या त्या कागदात त्याने स्वतःच्या मालकीच्या १२३ जणांची मुक्ती लिहिली. वृद्धांना पोसायचं, अनाथ मुलांना लिहायला-वाचायला शिकवायचं, अशी तजवीज केली. आणखी १५३ जण त्याची बायको मार्था हिच्या पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीतले. त्यांना सोडण्याचा अधिकार कायद्याने त्याला नव्हता, आणि ओना त्यांतलीच. जेफरसनने हयातीत सहाशेहून अधिक माणसं बाळगली आणि मृत्युपत्रात पाच सोडली. त्या रांगेत वॉशिंग्टन उशिरा का होईना, पण हलला.

चौथी ओळ

मॅडिसनने मृत्युपत्रात एकालाही सोडलं नाही. माझ्या उमेदवाराची ही बाजू मीच लिहून ठेवतो.

सागवान

मग दुसरा राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्सकडे का पाहत नाही? एकही गुलाम बाळगला नाही. १७७० मध्ये बॉस्टनच्या गोळीबारानंतर सारं शहर खवळलेलं असताना ब्रिटिश सैनिकांचं वकीलपत्र घेतलं. आठांपैकी सहा सुटले, दोघांच्या अंगठ्यावर डाग दिला गेला. १७८० चं मॅसॅच्युसेट्सचं संविधान मुख्यतः त्याच्या हातचं आणि ते आजही लागू आहे. सर्व माणसं जन्मतः मुक्त आणि समान, या त्यातल्या कलमाच्या आधारे एलिझाबेथ फ्रीमन १७८१ मध्ये खटला जिंकून मुक्त झाली. १७९० च्या जनगणनेत त्या राज्यात गुलामांचा आकडा शून्य. लिहिलेलं वाक्य न्यायालयात कामी आलं, असं उदाहरण जेफरसनने लिहिलेल्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याबाबत दाखवा.

पानगळ

१७९८ च्या राजद्रोह कायद्यावर सहीही ॲडम्सचीच. सरकारवर टीका केली म्हणून व्हरमाँटचा खासदार मॅथ्यू लायन चार महिने तुरुंगात आणि १,००० डॉलर दंड. लोकांनी त्याला तुरुंगात असतानाच पुन्हा निवडून दिलं.

जेफरसनबद्दल एक नोंद: २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी त्याचा आधार घेतला. प्रत्येक पिढी हे एक वेगळं राष्ट्रच, तिने पुढच्या पिढीला बांधून ठेवू नये, हा तो विचार. माणूस आणि विचार यांना वेगळे गुण द्यावे लागतात.

ओसरी

मग मला बेंजामिन फ्रँकलिन सुचवू द्या. मॅडिसनचा ठराव ११ फेब्रुवारी १७९० ला आला. दुसऱ्याच दिवशी त्याच सभागृहात पेनसिल्व्हेनियातल्या गुलामगिरीविरोधी संस्थेचा, फ्रँकलिनच्या सहीचा अर्ज वाचला गेला: गुलामगिरी संपवण्यासाठी काँग्रेसने पावलं उचलावीत. वय ८४, अंथरुणाला खिळलेला. सैनिकांच्या कागदावर त्या सभागृहाने कित्येक दिवस वाद घातला. या अर्जाला मात्र मार्चमध्ये उत्तर मिळालं की राज्यांतल्या गुलामगिरीत हात घालायचा अधिकार काँग्रेसला नाही. १७ एप्रिलला तो गेला.

जमाखर्च

अर्जाचा मान आहेच. पण १७८७ ला संविधान लिहिलं जात असताना तो त्याच संस्थेचा अध्यक्ष होता, संस्थेचा अर्ज तयार होता आणि सभेत त्याची स्वतःची खुर्ची होती. तो अर्ज त्याने मांडला नाही. गुलामांचा व्यापार १८०८ पर्यंत रोखता येणार नाही, हे कलम त्याच उन्हाळ्यात लिहिलं गेलं आणि त्याखाली त्याची सही आहे.